सायकल न चालवणारा मिस्तरी

मिस्तरींनी इंजेक्शन सुरू केल्याला पाच महिने झाले होते आणि सायकलच्या दुकानात त्यांना आवरणं कठीण झालं होतं. त्याआधी दोन वर्षं माणूस नुसता मरगळलेला. टायर खोलता खोलता डुलकी लागायची. डॉक्टरबाईंनी दोनदा सकाळचं रक्त तपासलं, टेस्टोस्टेरॉन तळाला गेलंय म्हणाल्या, प्रोस्टेट ठीक असल्याची खात्री केली आणि मगच त्याची सुई टोचली. आता मिस्तरी दोन खांद्यांवर दोन सायकली घेऊन शिट्टी वाजवत फिरायचे, आणि स्वयंपाकघरात बायकोला उगाच आडवे जायचे.

सुई चालू आहे तोवर प्रोस्टेटवर नजर ठेवायची, अशी बाईंची अट होती. त्यासाठी पीएसए नावाची रक्ततपासणी. पहिला आकडा आला होता एक पॉइंट दोन. या वेळी आला तीन पॉइंट सहा.

बाईंनी विचारलं, ताप आला होता का, लघवीला जळजळ होते का, सायकल चालवता का. मिस्तरींनी तिन्हींना ठामपणे नाही म्हटलं. बाईंनी बोटाने तपासलं, गाठ लागली नाही. तरी सुई थांबवली. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, आणि तेव्हाही आकडा चढाच असला तर कॅन्सर नाही ना, हे बघायला पुढच्या तपासण्या.

मिस्तरी पडल्या चेहऱ्याने घरी आले. सुई गेली तर पुन्हा तीच मरगळ, आणि आकडा खरा ठरला तर काय, हे तर मनातसुद्धा आणवत नव्हतं. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती गंभीरपणे ऐकत होती, सायकलच्या प्रश्नापर्यंत.

"आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"अगं, आपल्याकडे सायकल आहे का? मी सगळीकडे चालतच जातो."

"रक्त द्यायला गेलात त्या सकाळी शाळेच्या किती सायकली तयार झाल्या?"

"अकरा."

"त्या काय कडेवर घेऊन फिरवल्यात?"

दुरुस्त झालेली प्रत्येक सायकल स्वतः वळणापर्यंत चालवत नेऊन आणल्याशिवाय मिस्तरी गिऱ्हाइकाला देत नसत. पण ते सायकल चालवणं थोडंच? ते काम. बायको हसता हसता भिंतीला टेकली. हसू आवरेना म्हणून डॉक्टरबाईंना फोनही मिस्तरींनाच करावा लागला.

बाई म्हणाल्या, सीटच्या दाबाने आकडा चढू शकतो. पण तेच कारण आहे असं आताच धरून चालू नका, तपासणी ठरलेल्या दिवशी होणारच. फक्त त्याआधी दोन दिवस सायकलला शिवू नका. मग त्यांनी आणखी एक गोष्ट दोन दिवस बंद ठेवायला सांगितली. मिस्तरींनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"दोन दिवस तू माझ्यापासून लांब राहायचं."

"मी? आडवं कोण येतं?"

चौथ्या आठवड्यापर्यंत मिस्तरींना पुन्हा डुलक्या लागू लागल्या. सायकल न तपासता देणं मात्र जमेना. तेव्हा शेवटचे दोन दिवस बायकोने पदर खोचला. तरुणपणी त्यांनीच तिला सायकल शिकवली होती, त्यानंतर तिने हँडल धरलं नव्हतं. पहिली सायकल तिने शेजारच्या शिंप्याच्या पायरीवर घातली. तिसरीपासून ती घंटी वाजवत वळण घ्यायला लागली आणि शिंपी काम टाकून दारात उभा राहिला. परत येऊन ती मिस्तरींना ऐकवायची, मागचं चाक डगमगतंय, आवळा. एकदा तर तिने त्यांच्याकडून तीच सायकल दोनदा खोलून घेतली. गिऱ्हाइकं म्हणू लागली, तपासायला वहिनीच असू द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरींनी रक्त दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बाईंचा फोन आला. एक पॉइंट तीन. सुई पुन्हा सुरू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मिस्तरींनी बाईंचे तीनदा आभार मानले आणि बायकोला हाक मारली.

ती दुकानात नव्हती. तपासण्याचे दोन दिवस संपले होते, तरी एक उंच निळी सायकल घेऊन ती वळणाकडे निघाली होती, आणि त्या सायकलचा मालक बाकावर ताटकळत बसला होता. मिस्तरी रस्त्यावर धावत सुटले. सुई थांबलेली, दम लागलेला, पण वळणावर त्यांनी तिला गाठलंच आणि कॅरिअर धरून आकडा सांगितला.

तिने ब्रेक दाबला नाही. डोळे पुसायला एक हात सोडला, सायकल लडखडली, सावरली.

"सोडा," ती म्हणाली. "अजून एक फेरी मारते."

मिस्तरींनी कॅरिअर सोडलं आणि ते मालकाला सांगायला परतले, की अजून थोडा वेळ लागेल, काम बारीक आहे.