सहीचं पाणी

तळ्यात शेवाळ वाढू द्यायचं आणि तेच उपसून फेकायचं, याला कोणी शहाणा माणूस काम म्हणणार नाही. पण बॅटरीच्या कारखान्यानं वर्षानुवर्षं त्या तळ्यात शिसं सोडलं होतं, आणि मसुरीएवढ्या पानांचं ते तरंगतं शेवाळ शिसं हावरटासारखं शोषून घ्यायचं. त्या कामाला ठेवलेले जाळीकाका आठवड्यातून दोनदा गुडघाभर पाण्यात उतरून ते जाळीनं ओढत आणि पोत्यांत भरत. पोती सिमेंटच्या बंद खड्ड्यात जात. "पोटभर खाल्लंय यानं," काका म्हणत. "वेळेवर उचला, नाहीतर इथंच ओकेल."

पाणी तपासायचं काम प्रयोगशाळेतल्या ताईचं. सगळे तिला ताईच म्हणत, पाणीपुरवठ्याचे साहेबसुद्धा. लागोपाठ तीन महिने शिशाचा आकडा मर्यादेच्या आत आला, तेव्हा तिनं अहवालावर सही ठोकली. तिला आनंद झाला, आणि का होऊ नये? तळ्याखालच्या वस्तीत तिचा धाकटा भाऊ राहायचा. त्याला सहा वर्षांची मुलगी होती, आणि अख्खी वस्ती टँकरच्या तोंडाकडे बघत दिवस काढत होती.

वस्तीत तळ्याचं पाणी नळानं आलं. टँकर बंद झाला. आणि पाणी स्वच्छच आहे म्हटल्यावर शेवाळ उपसायचं कशाला, म्हणून जाळीकाकांनाही घरी बसवलं.

काकांना घरी बसवल्याचं ताईला महिन्यानं कळलं, तेही काकांनी फोन केला म्हणून. ती धावत तळ्यावर गेली. शेवाळाचे थरावर थर चढले होते, खालचे थर काळे पडून कुजत होते, नाक धरावं असा वास होता. तिनं बाटली भरली आणि तपासली. आकडा मर्यादेच्या तिप्पट निघाला. खाल्लेलं सगळं परत पाण्यात आलं होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. त्यानं तिला बसवलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की आता तपासणी पाच महिन्यांनी, मधल्या बाटलीला कागदावर किंमत नाही.

"तुमचा अहवाल खोटा होता का?" त्यानं विचारलं.

"नाही. खरा होता."

"मग?"

शेवाळ उपसत होतो म्हणून आकडा खरा होता, हे एक वाक्य तिनं तेव्हा लिहिलं नव्हतं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता, आणि एवढी साधी गोष्ट कोणाला सांगावी लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता तिनं तीनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती आणि काका स्वतःच जाळी घेऊन गेले, तर फाटकाला नवं कुलूप होतं.

रविवारी ती वीस लिटरचा कॅन घेऊन भावाकडे गेली. स्वयंपाकघरात नळाच्या वर तिचा अहवाल चिकटवलेला होता, सही दिसेल असा. भावानं हौसेनं त्याची प्रत मिळवली होती. तिनं सगळं सांगितलं. उकळून चालेल का, भावजयीनं विचारलं. उकळून शिसं जात नाही, ती म्हणाली, पाणी आटतं आणि शिसं तेवढंच उरतं. मग तिनं नखानं तो कागद खरवडायला घेतला.

"ताई, राहू दे," भाऊ हळूच म्हणाला. "कागद काढून काय होणार? दुसरं पाणी आहे का आपल्याकडे?"

भावजयीनं कॅन उचलून मुलीच्या खाटेशी नेऊन ठेवला. हिच्यापुरतं आठवडाभर जाईल, ती म्हणाली, पुढचं पुढं बघू. मग जेवायची ताटं मांडली. मुलीचा पेला कॅनमधून भरला. आपले दोन नळाखाली धरले. चौथा हातात घेऊन ती मध्येच थांबली.

"ताई, तुम्हाला कुठलं देऊ?"

खाटेशी कॅनवर हात ठेवून भाची उभी होती.

"नळाचं," ताई म्हणाली.