आत्याने वाकवलेला डाव

मी एक जुना डाव आहे. खेळातला नव्हे मित्रांनो, स्वयंपाकघरातला. लांब दांड्याचा, लोखंडी आणि मानेत वाकलेला. माझी कहाणी सांगताना मधूनमधून माझा जळफळाट होईल, तेवढा सोसून घ्या.

लोहाराने मला घडवले तेव्हा मी सरळसोट होतो. पुढे लढाई पेटली. ज्यांचे आजेपणजे शत्रूच्या मुलखातून आले होते, अशी कुटुंबेच्या कुटुंबे घरातून उचलून काटेरी तारांच्या छावणीत डांबली गेली. त्यांचा गुन्हा काहीच नव्हता. तिथल्या स्वयंपाकघरात मी आत्याच्या हाती पडलो. ती कुणाची सख्खी आत्या नव्हती, पण सगळी छावणी तिला आत्याच म्हणे.

खोल पातेल्यात रोज बटाट्याचे कालवण शिजे. कालवण कसले, गरम पाणीच ते! फोडी तळाला बसत आणि मी आपला वरचे पाणी उपसून वाढी. शेवटी एक दिवस आत्याने माझी मान दाराच्या फटीत अडकवली आणि अंगातला सगळा जोर लावून वाकवली. मी कळवळलो. पण त्यानंतर मी थेट तळाशी आडवा टेकून फोडी उचलू लागलो.

"आत्या, माझ्या वाडग्यात फोड आली!" रांगेतली एक चिमुरडी ओरडली.

"हळू बोल गं भवाने! सगळ्यांनाच येणार आहे," आत्या म्हणाली.

याहून मोठी शाबासकी मला जन्मात मिळाली नाही.

लढाई संपली. माणसे गेली, आत्याही गेली. मी कोठीतल्या खिळ्यावर गंजत राहिलो. पुष्कळ वर्षांनी छावणीचे संग्रहालय झाले. ती चिमुरडी आता पिकल्या केसांची चित्रकारबाई झाली होती. तिने आमच्या जेवणाच्या रांगेचे कापडावर भिंतभर चित्र काढले. कोठीच्या दारातून मला चित्र दिसत नसे, फक्त त्यापुढे डोळे पुसणारी माणसे दिसत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. पातेल्यात होरपळलो मी, मान मोडून घेतली मी, आणि कौतुक कोणाचे, तर त्या रंगवलेल्या कापडाचे! आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जाते?

मग एकदा व्यवस्थापकाने मला खाली काढले. मी मनातून फुललो. त्याने मला दुरुस्तीवाल्याकडे दिले.

"हा चित्रासमोर टांगायचाय. पण चित्रातला डाव सरळ आहे, हा वाकडा. ठोकून सरळ करून टाका."

म्हणजे चित्र चुकले आणि मार मी खायचा! दुरुस्तीवाल्याने मला ऐरणीवर ठेवून हातोडा उचलला, तेव्हा मात्र मी भ्यालो. मान सरळ झाली, तर आत्याच्या हातचे माझ्याजवळ काय उरणार?

"अहो, थांबा थांबा!" दारातून चित्रकारबाई धावत आली. तिने मला हातात घेतले आणि वाकलेल्या जागेवरून बोट फिरवले. "रांगेत मी एवढीशी होते हो. पातेल्याच्या वर नुसता दांडा दिसायचा. मान अशी आहे, हे आज कळतंय."

"मग चित्र बदलणार का, बाई?"

"नको. मला दिसलं तसं काढलं मी. पण ह्याला हात लावू नका. आहे तसाच टांगा."

असा मी त्या चित्रासमोरच्या भिंतीवर आलो. नाक मुरडूनच मी त्याच्याकडे पाहिले. चुका काढायची माझी पूर्ण तयारी होती. आणि चित्रात आत्या होती. घामेजलेले कपाळ, कानामागे खोचलेली बट. तिचा हात मी कधीच विसरलो नव्हतो, पण तिचा चेहरा मला आठवेनासा झाला होता. तो त्या कापडाने जपून ठेवला होता. त्याचा मला अजूनही हेवा वाटतो. तो मी लपवणार नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू वाकडी दिसली, तर ती सरळ करायला धावू नका. ती कोणी वाकवली, ते आधी विचारा. आणि इथे आलात, तर माझ्यापुढे फार वेळ उभे राहू नका. तुम्ही मध्ये आलात की मला आत्या दिसत नाही.