खिळ्याआडचा पैसा

मी बोलतोय खरा, पण माझा आवाज आता कोणाला ऐकू जायचा नाही. माझ्या पोटात सहा पेन्सिल सेल लागतात आणि त्यातला एक काढून नेलाय. एक नसला की उरलेले असून नसल्यासारखे. तो सेल कुठे गेला ते शेवटी सांगतो. राग नाही मला त्याचा. दमलोय फार, एवढंच.

मी जमिनीतला धातू शोधणारं यंत्र. खाली ताटाएवढी तबकडी, वर लांब दांडा, मुठीपाशी चार बटणं. तबकडी जमिनीवरून फिरवली की खाली काय पुरलंय त्याची मला चाहूल लागते आणि मी ओरडतो. लोखंड असेल तर घुर्रर्र, तांबं किंवा चांदी असेल तर टिंग. या दोन्हींच्या मध्ये सगळा सावळागोंधळ. बाटल्यांची बुचं, तंबाखूच्या पुड्यांचे चमकी कागद आणि सोन्याची अंगठी, तिघांचाही आवाज जवळजवळ सारखाच.

मी सांगतो ते खरं सांगतो. पण कुठे खणायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे माणूस ठरवतो. माझं सगळं आयुष्य माणसांच्या या ठरवण्यापायी झिजलं.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात मी जन्मलो, खोक्यात झोपून समुद्र ओलांडला आणि न्हावा शेव्याला उतरलो. तिथून पहिला मुक्काम कळंबोलीला, कुंदन भंगारवाल्याकडे. पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यात सळ्या कुठे दबल्यात ते मी त्याला दाखवायचं. त्याला लोखंडाशिवाय काही नको. चुकून मी टिंग केलं तर वैतागायचा, "अरे घंटी क्या बजाता है? लोहा बोल, लोहा!"

बोललो बाबा, लोहा बोललो. घुर्रर्र करून करून माझा घसा बसला, तबकडीला चीर गेली, सेलच्या झाकणाची कडी तुटली. मग कुंदनने मला तराजूमागे फेकून दिलं. तिथून मला उचललं बळीरामने. झाकणाला रबरबँड लावला, चिरेवर काळी पट्टी चिकटवली आणि माझा दुसरा संसार सुरू झाला.

बळीराम म्हणजे बंदरावर ट्रेलर चालवून निवृत्त झालेला गडी. पोट सुटलेलं, उजवा गुडघा दुखरा, खिशात कायम तंबाखूची पुडी. मूळचा खारकोंड गावचा. ते गाव विमानतळाच्या कामात उठलं. घरं पाडली, जमीन सपाट केली, बदल्यात गावकऱ्यांना उलव्याकडे प्लॉट मिळाले. बळीरामने तिथे दुमजली घर बांधलं, टाइल्स लावल्या, गच्चीला निळा रंग दिला. फक्त दाराला उंबरा नव्हता.

उंबरा का नव्हता, तर त्याच्या बहिणीमुळे. कमळाबाई त्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा ती मिठागरावर राबली, लग्न केलं नाही, या भावाला वाढवलं आणि खारकोंडला घर उभं केलं. उंबरा बसवला त्या दिवशी तिने आईच्या बटव्यातला जुना तांब्याचा भोकाचा पैसा काढला आणि स्वतःच्या हाताने उंबऱ्यात ठोकला. त्यांच्यात तशी रीतच आहे. उंबऱ्यात पैसा असला की घराची लक्ष्मी बाहेर जात नाही, असं मानतात.

गाव सोडायच्या दिवशी कमळाबाईने भावाला बजावलं होतं, "बली, बाकी काय बी ऱ्हाव दे, उंबऱ्याचा पैसा तेवरा काढून घे." बळीराम हो म्हणाला. आणि मग टेम्पोत कपाट चढवायचं, टीव्हीला गोधडी गुंडाळायची, देव्हारा कोणाच्या मांडीवर द्यायचा, या धांदलीत तो विसरला. आठवण झाली तेव्हा घराच्या जागी मातीचा ढीग होता. तो पैसा मिळेपर्यंत नव्या दाराला उंबरा बसवायचा धीर त्याला झाला नाही.

कमळाबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती ओवे गावी भाचीकडे राहायला गेली. दर रविवारी रिक्षाने भावाच्या घरी यायची आणि दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. तिथेच चहा प्यायची, तिथेच पोरांची चौकशी करायची आणि ऊन चढायच्या आत परत जायची. बळीरामने एकदा तिचा हात धरला, "बाय, चल ना आत, पंखा हाय."

"माजा पाय आत जात नाय रं," ती म्हणाली. "मी काय करू?"

म्हणून बळीराम कळंबोलीला कुंदनकडे गेला. त्याने मला विकत आणलं.

मला कसं वापरायचं ते तो मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकला. शिकला म्हणजे अर्धवट शिकला, पण आव पुऱ्या मास्तराचा. पहिलं काम काय केलं, तर माझं लोखंड बंद केलं. म्हणजे खाली लोखंड असेल तर मी गप्प बसायचं, ब्र काढायचा नाही. नाणं शोधायचंय तर लोखंडाची कटकट कशाला, हा त्याचा हिशोब. कळंबोलीत लोखंडावाचून मला विचारत नव्हते, इथे लोखंडाला तोंड बंद. माणसांचं हे असं असतं.

दुसरा नियम त्याने केला तो असा. एका बाजूने तबकडी फिरवायची, मग वळून आडव्या बाजूने. दोन्ही बाजूंनी मी स्वच्छ टिंग म्हणालो तरच खणायचं. एका बाजूने बोललो आणि दुसऱ्या बाजूने गप्प बसलो तर तो आवाज खोटा धरायचा. नियम तसा शहाणपणाचा आहे. सगळंच खणत बसलं तर माणूस मरून जाईल.

खारकोंडची जागा आता ओळखू येत नाही. पण गावदेवीच्या देवळाचा चौथरा विमानतळाच्या कुंपणाबाहेर राहिला होता आणि बळीरामचं घर त्याच्या अगदी समोर होतं. म्हणून जागा सापडली. तिथे रस्ता व्हायचा होता आणि राखणीला शेजारच्या गावचा शिवा बसायचा. तो रोज बळीरामला चिडवायचा, "काय दादूस, सोन्याचा हंडा गावला का? गावला त सरकारला सांगावा लागंल हां!"

हंडा कसला. बळीराम वाकायचा, खुरप्याने माती उकरायचा, आणि निघायचं सोड्याच्या बाटलीचं बूच. चमचा निघाला. कोणाची तरी जोडवी निघाली. वीस पैसे, दहा पैसे, कातरलेल्या कडांची जुनी नाणी निघाली. प्रत्येक नाणं तो सदऱ्याला पुसायचा, डोळ्यासमोर धरायचा, मध्ये भोक दिसतंय का बघायचा आणि खिशात टाकायचा. एकदा मी फार गोड टिंग केलं म्हणून त्याने कोपरभर खड्डा खणला, तर नुसता चमकी कागदांचा लगदा निघाला. तो खातो त्याच तंबाखूच्या पुड्यांचा. त्या दिवशी शिवा पोट धरून हसला.

चौथऱ्यासमोर एक जागा होती. तिथे आलो की मी एका बाजूने हलकंच टिक् करायचो आणि दुसऱ्या बाजूने गप्प. बळीराम वळायचा, परत फिरवायचा, मान हलवायचा. "खोटा हाय," म्हणायचा आणि पुढे सरकायचा. कितीदा तरी आम्ही त्या जागेवरून गेलो. मी खोटं बोलत नव्हतो हो. पण अर्धं तोंड दाबून धरलेल्याने बोलायचं तरी कसं?

तिकडे घरी वेणूचा, म्हणजे बळीरामच्या बायकोचा संयम संपला. दाराखालच्या फटीतून उंदीर यायचे, पाणी यायचं, एकदा विंचू आला. "पुरे झाला आता," ती म्हणाली. "बायला मी पाया परून समजावीन. पन दाराला उंबरा पायजे." तिने सुताराला बोलावलं. त्यातच शिवाचा फोन आला की दोन दिवसांत तिथे खडी पडणार, मग रोलर फिरणार.

मी भिंतीला टेकून उभा होतो. सुताराने सागाचा उंबरा घासून बसवला आणि हात पुढे केला, "काका, पैसा द्या, ठोकून टाकतो." बळीरामने खिशातलं चकचकीत नवं नाणं दिलं. देताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. सुतार म्हणाला, "याला भोक नाही, मी कडेने दोन खिळे मारून वाकवतो." त्याने खिळा ठेवला आणि हातोडी उचलली.

"थांब!" बळीराम ओरडला.

त्याने सुताराच्या हातातून खिळा घेतला. खिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बहिणीने भोकाचा पैसा ठोकला होता तो खिळ्यानेच, भोकातून आरपार. खिळा लोखंडाचा. आणि लोखंड दिसलं की गप्प बस, असं याने मला सांगून ठेवलं होतं. खिळ्याने आपल्याबरोबर पैशाचाही आवाज गिळला होता. जन्मभर ज्या उंबऱ्यावरून तो आला-गेला, त्यातला खिळा त्याला आठवला नाही. आठवला तो फक्त पैसा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही खारकोंडला गेलो. बळीरामने माझी सगळी बटणं मोकळी केली आणि मग काय सांगू! सळ्यांचे तुकडे, बिजागऱ्या, पत्रे, तारा, खिळेच खिळे. अख्खं पाडलेलं गाव एकदम माझ्या अंगावर ओरडायला लागलं. माझा आवाज फाटला. तबकडीवरची पट्टी सुटली. बळीराम गुडघा धरून बसायचा, परत उठायचा. खडीचे डंपर रांगेत येऊन उभे राहिले. शिवा मात्र त्या दिवशी हसला नाही. "तुमी खना दादूस, मी त्यांना थांबवतो," म्हणाला आणि डंपरवाल्यांना तंबाखू देत गप्पा मारत बसला.

मग बळीराम आपणहून त्या जागेकडे वळला, जिथे मी टिक् करायचो. तबकडी फिरवली. घुर्रर्र, आणि त्या घुरघुरीच्या पोटात टिंग. आडवं फिरवलं. घुर्रर्र, टिंग. बळीरामने मला बाजूला ठेवलं आणि खुरपं उचललं.

वाळवीने खाल्लेला लाकडाचा ढलपा निघाला. त्यात गंजलेला खिळा, आणि खिळ्याला घट्ट धरून बसलेला हिरवट भोकाचा पैसा. बळीरामने तो पुसला नाही. तळहातावर घेऊन तो तसाच रडला, डंपरवाल्यांच्या देखत.

रविवारी कमळाबाई आली आणि नेहमीसारखी खुर्चीवर बसली. बळीरामने पैसा तिच्या ओंजळीत ठेवला. बोलावून ठेवलेला सुतार म्हणाला, "आजी, खिळा कापून काढतो, पैसा साफ करतो."

"कापू नको," ती म्हणाली. "दोघं यवरी वर्सं संगती ऱ्हायलीत. हाय तसा बसव."

सुताराने उंबऱ्यात खाच पाडली आणि खिळ्यासकट पैसा बसवला. कमळाबाईने त्यावर हळदकुंकू वाहिलं. मग खुर्चीच्या हाताला धरून उठली, पदर सारखा केला आणि उजवा पाय उचलून आत आली. वेणू तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

आत येऊन कमळाबाईने चारही भिंती बघितल्या. गावच्या घरातलं घड्याळ समोर टांगलेलं होतं, बंद. "यो कई बंद परला?" तिने विचारलं.

"गाव सोरला तवापासून," बळीराम खालमानेने म्हणाला.

"चालू घरान बंद घड्याल ठेवतान काय रं?"

घरात सुटा सेल नव्हता. बळीराम माझ्याजवळ आला. रबरबँड काढला, झाकण उघडलं. माझ्या दांड्यावरून एकदा हात फिरवला आणि एक सेल काढून घेतला. तो परत आणून बसवील असं मला तेव्हा वाटलं होतं, पण आता त्याला काही शोधायचं राहिलेलं नाही.

तेव्हापासून मी दारामागे उभा आहे. घड्याळाची टिकटिक ऐकतो. कमळाबाई इथेच राहते, दुपारी उंबऱ्याजवळ आडवी होते. मला कोणी लावत नाही आणि मलाही आता ओरडायचा हुरूप नाही. फक्त तुमच्यापैकी कोणाच्या हाती माझ्यासारखं एखादं यंत्र आलं, तर एवढं करा. शोधायच्या आधी एकदा आठवून बघा, आपण ते कशाने ठोकलं होतं.