बाबांच्या पानातलं मीठ

सणाच्या सकाळी आमच्या ओट्यावर चार बटाटे, अर्धा कोबी, दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, परातभर कणीक आणि एक लिटर दूध होतं. स्वयंपाकघरात माणसं चार आणि चालू मूत्रपिंडं सहा. बाबांची दोन्ही बंद पडली ती या देशात आल्यावर सहा महिन्यांच्या आत.

सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं डायलिसिस. सण आला रविवारी, म्हणजे शुक्रवारनंतर रक्तात साठलेलं सगळं सोमवारपर्यंत अंगातच राहणार. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं: मीठ कमी, पाणी मोजून, आणि पोटॅशियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष. ते साडेसहाच्या वर गेलं की हृदय कधीही थांबू शकतं. पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून बटाट्याच्या फोडी मी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देत होते. दुसऱ्यांदा.

"धुऊन झाले असतील तर वाळत घाल," दादा म्हणाला. तो स्टुलावर उभा राहून धुराच्या अलार्मखाली टॉवेल हलवत होता. पुऱ्या तळायला घेतल्या की तो अलार्म बोंबलतो आणि वरचे शेजारी खाली येतात.

"आजारी बटाटे आहेत की मी, तेच कळेनासं झालंय," बाबा म्हणाले.

आई हसली नाही. गेल्या सणाला बाबा दोन घास खाऊन पानावरून उठले होते आणि तेव्हापासून त्यांचं वजन उतरतच होतं. "अहो, आज जेवून बघा आणि मग बोला," ती म्हणाली.

पानं वाढल्यावर बाबांनी भाजीचा पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"अगं, याला चव आहे."

मी आईकडे पाहिलं. "मीठ नेहमीएवढंच ना?"

"त्याहून कमी. विश्वास नाही का माझ्यावर?"

बाबांनी भाजी तीनदा घेतली, वरण वाटीला तोंड लावून संपवलं. आई स्वतःचं पान तसंच ठेवून त्यांच्याकडे बघत बसली होती.

मग गप्पा रंगल्या. दोनेक तासांनी बाबा गोळी घ्यायला उठायला गेले आणि पुन्हा खुर्चीत बसले. "पायांत वाळू भरल्यासारखं झालंय," ते म्हणाले. मी मनगट धरलं. मिनिटाला बेचाळीस ठोके.

"आई, मीठ कुठलं घातलंस?"

तिनं कपाटातून एक नवं पाकीट काढलं. "कोपऱ्यावरच्या दुकानातलं. त्या बाईला खुणेनं सांगितलं, नवऱ्याला मीठ चालत नाही. तिनं हे दिलं. बघ, साठ टक्के कमी. आकडे मला वाचता येतात. वर हृदयाचं चित्र पण आहे."

मी पाकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, काढलेल्या सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड. दादा फोनवर पत्ता सांगू लागला.

"माझी खीर राहिली," बाबा म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती.

रुग्णवाहिकेत आई पाकीट हातात धरूनच बसली. बोटांना कणीक वाळली होती. "पण मीठ कमीच होतं ना गं?"

"हो," मी म्हणाले.

इस्पितळात बाबांच्या छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं आणि पडदा ओढला. एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन मला विचारू लागली, नेमकं किती पोटात गेलं. मी आईला विचारलं.

"भाजीत दोन चमचे," आई म्हणाली. "वरणात एक. पुऱ्यांत अर्धा. कमीचं आहे म्हणून हात आखडला नाही."

मी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. डॉक्टरनं आईच्या हातातलं पाकीट हळूच काढून घेतलं, वाचलं आणि मान हलवली.

"काय म्हणतात?" आईनं विचारलं.

"लिहून घेतात."

पडद्याआड यंत्राचा आवाज आता लांब लांब अंतरानं येत होता. नर्सनं तपासणीचा कागद आणून डॉक्टरच्या हातात दिला. मला तो तिच्या खांद्यावरून दिसला.

पोटॅशियम ८.४.