भिजवलेले खड्डे

चिकणमातीत खांब कसे रोवतात हे टेलर मास्तरांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं कबूल करायची त्यांना सवय नव्हती. शेजारच्या बकरीने बायकोच्या कोबीवर दुसऱ्यांदा ताव मारला, तेव्हा बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "रविवार संध्याकाळपर्यंत कुंपण उभं करा, नाहीतर मी दादाला बोलावते."

दादा म्हणजे मास्तरांचा मेहुणा, बांधकामाचा ठेकेदार. त्याने एकदा यांच्या भिंतीत एक खिळा ठोकून दिला होता. त्या खिळ्याची कथा मास्तर पंधरा वर्षं प्रत्येक लग्नात ऐकत होते. आता खांबांची कथा ऐकायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

शनिवारी पहार आपटून हात भरून आले, तरी माती हटेना; खांबांचे सहा खड्डे अर्धवटच राहिले. मग मास्तरांना धंद्यातली युक्ती आठवली. नवं कापड आधी भिजवून घेतलं, की पुढे आटून दगा देत नाही. त्यांनी सहाही खड्ड्यांत बादल्या ओतल्या आणि स्वतःवर जाम खूश झाले.

रविवारी पाहतात तर पाणी जसंच्या तसं. ते उपसून चिखल काढायला गेले, तर चिखल फावडं सोडेना. खड्डे मात्र हंड्याएवढे रुंद झाले. खांब उभा केला की तो डावीकडे कलायचा, सरळ केला की उजवीकडे. शेवटी पायाने माती दाबायला मास्तर स्वतः खड्ड्यात उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. समोर बकरी उरलेला कोबी निवांत चघळत होती.

ऊन कलल्यावर बायको फोन घेऊन बाहेर आली. खांबाला मिठी मारून उभ्या नवऱ्याकडे तिने पाहिलं.

"लावू का फोन?"

"लाव," मास्तर कसंबसं म्हणाले. त्यांना अगदी रडू येत होतं.

"दादा? अरे, कुंपणाचं सांगायला फोन केला. झालं की! यांनी एकट्याने केलं... बघायला? आत्ता नको, माती ओली आहे."

फोन खिडकीत ठेवून तिने चपला काढल्या आणि कोरड्या मातीचं घमेलं घेऊन ती चिखलात उतरली.

"अहो, बघताय काय? खांब सरळ धरा. मी थोडी थोडी माती टाकून ठासते. आणि पाणी ओतल्याचं मी कुणालाही सांगणार नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"तुम्हाला मात्र रोज सांगेन," ती म्हणाली.