पाचव्या चाकाचा नवस

मी एकदा नवस बोलले होते. बोलले म्हणजे मनात म्हणाले. मला तोंड कुठलं? पिकअपच्या पोटाखाली साखळीला आडवी टांगलेली मी स्टेपनी. खाली पळती जमीन, वर लोखंडी तळ. देवाकडे बघावं म्हणून वर बघितलं, तरी दिसायचं ते गाडीचं बूड. तरीही हात नसताना हात जोडले आणि म्हटलं, "देवा, एकदा, फक्त एकदा मला रस्त्यावर धावू दे. मग उभ्या जन्मात काही मागणार नाही."

आम्ही पाच बहिणी एकाच साच्यातल्या. अंगाला तोच वास, तीच नक्षी. गाडीला चाकं बसवताना चौघी चार कोपऱ्यांना गेल्या आणि कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "ही राहू दे खाली." संपलं. बोटाच्या एका इशाऱ्यावर जन्म ठरला. त्या चौघींनी चिखल तुडवला, खडी चावली, उन्हात भाजल्या. माझ्या अंगावरचे साच्यातले बारीक रबरी केससुद्धा झिजले नाहीत. लोक म्हणायचे, हिचं बरं आहे, आराम आहे! टांगून ठेवण्याला आराम म्हणणारा माणूस स्वतः कधी टांगलेला नसतो.

आमचे मालक मधपाळ. मधमाश्यांच्या पेट्या गाडीत घालायच्या, जिथं बहर फुलला असेल तिथं न्यायच्या आणि बहर सरला की परत आणायच्या, हा त्यांचा धंदा. घरात त्यांची बायको आणि धाकटा भाऊ. धाकटा तिला वहिनी म्हणतो, म्हणून माझ्याही मनात ती वहिनीच.

वहिनींचा एक नेम होता. गाडी निघायच्या आधी त्या प्रत्येक चाकावर तळहात ठेवून देवाचं नाव घ्यायच्या. चारही चाकं झाली की गुडघ्यावर बसायच्या, गाडीखाली हात घालायच्या आणि मला शिवायच्या.

मालक हसायचे. "अगं, तिला कशाला? ती कुठं निघालीय?"

"निघाली नसली तरी बरोबर येतेय ना!"

एकदा त्यांनी हात तसाच ठेवला. "अहो, ही आज मऊ लागतेय." मालकांनी कुरकुरत माझ्यात हवा भरली. बायकोच्या समाधानासाठी भरली, पण भरली.

गेल्या बहरात मात्र घात झाला. डोंगरावरच्या फळबागेकडे जाताना एक कोरडा ओढा लागतो. त्यातल्या एका खडकावर मागच्या दोन चाकांच्या मधोमध आसावर असलेला लोखंडी गोळा असा अडकला, की गाडी ना पुढं ना मागं. ओढून काढणारं कुणी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पेट्यांची तोंडं जाळीनं बंद. आधी आतला गुंजारव वाढला, मग चिरका झाला, मग एकेक पेटी गप्प होत गेली. मालक प्रत्येक पेटीला कान लावत हिंडत होते. मी खालून त्यांचे पाय बघत होते. निम्म्या पेट्यांपाशी ते पाय नुसते थांबून राहिले.

त्या रिकाम्या पेट्या घरामागं रचल्या गेल्या आणि मालकांनी त्या बाजूला जाणंच सोडलं. यंदा बहर जवळ आला तेव्हा ते म्हणाले, "या खेपेला पेट्या जिवंत वर पोचल्या नाहीत, तर मी माश्या सोडून देईन. पुन्हा पेटीला हात लावणार नाही."

वहिनींनी मधाची बरणी फळीवर मागं सरकवून ठेवली. पेट्या पोचून घरधनी हसत घरी येईपर्यंत मध जिभेवर ठेवायचा नाही, असा नवस केला.

"मधपाळाची बायको आणि साखरेचा चहा!" धाकटा म्हणाला. "वहिनी, माश्यांना कळलं तर संपावर जातील."

"जाऊ देत. आधी वर तर जाऊ देत."

गाडी उंच करायचं ठरलं. गॅरेजमध्ये स्प्रिंगांच्या जागी नवं सामान बसलं, लिफ्ट झाली, आणि आमची पिकअप टाचा उंचावून भिंतीपलीकडं बघणाऱ्या पोरीसारखी दिसू लागली. धाकटा तिच्याभोवती फेऱ्या घालत होता. मग आम्ही टायरच्या दुकानात गेलो.

तिथला मिस्त्री खाली वाकला, मला चापट मारली आणि मागच्या गोळ्यावर बोट ठेवलं. "लिफ्टनं गाडीचं धड वर गेलं, मालक. पण हा होता तिथंच आहे. हा चाकांच्या जिवावर उभा. याला वर न्यायचा तर टायरच उंच पाहिजेत."

"मग सगळ्यात मोठे दाखवा की!" धाकट्यानं कोपऱ्यातल्या जाडजूड टायरांकडं धाव घेतली. "दादा, हे बघ. काय रुबाब आहे!"

"उंच आहेत तसे रुंदही आहेत," मिस्त्री म्हणाला. "रुंद माणूस दारात सरळ उभा राहतो, पण वळायला गेला की खांदा घासतो."

"लिफ्ट केलीय ना दाराला?"

"उंचीला केलीय. रुंदीला नाही."

पण धाकट्याचे डोळे त्या टायरांवरून हलेनात, आणि मालकांना भावाचं मन मोडवेना. टायर बसवले. मडगार्डमध्ये हात घालून बघितला, जागा भरपूर. गाडी रिकामी, चाकं सरळ, सगळं झकास! बसल्या बसल्या चप्पल पायात घालावी आणि चालून न बघताच दुकानाबाहेर पडावं, तसंच झालं.

निघताना मिस्त्रीनं बजावलं, "माल भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. आणि ही जुनी स्टेपनी बुटकी पडणार. मोठी इथं खाली मावत नाही, म्हणून तूर्त राहू दे. पण मागं लावू नका. मागची दोन्ही चाकं सारखी उंच हवीत, नाहीतर त्यांना फिरवणारा हा गोळा तापून जाम बसेल. वेळ आलीच तर पुढं लावा आणि हळू जा."

मालक मान डोलावत होते. धाकटा टायरांचा फोटो काढत होता. माझ्या चारही बहिणी दुकानाच्या भिंतीशी एकीवर एक रचल्या होत्या. मला कुणाचाच निरोप घेता आला नाही. साखळीला फक्त एक झोका बसला.

घरी पाण्याचे कॅन भरून एक फेरी मारली. "लोण्यासारखी चालते!" धाकट्यानं जाहीर केलं. दुसऱ्या सकाळी वहिनींनी नेमाप्रमाणं पुढच्या चाकावर हात ठेवला, देवाचं नाव अर्ध्यावर आणलं आणि थबकल्या. हात टायरच्या आतल्या कडेकडे गेला.

"अहो, इथं खरखरीत लागतंय. किसणीवर किसल्यासारखं."

मालक वाकले. ओझ्यानं गाडी दबली होती, वळताना टायरचा खांदा आत घासला होता. डोंगराच्या वळणांवर तो किती टिकला असता, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं.

"थोडं घासणारच," धाकटा पुटपुटला. "घासून घासून बसेल जागेवर."

"भाऊजी, चप्पल चावते ती पायाला. दुकानाला नाही."

त्याच दिवशी गाडी परत दुकानात. मिस्त्री "मी म्हणालो होतो" असं म्हणाला नाही, याचं मला कौतुक वाटलं. त्यानं तेवढेच उंच, पण अंगानं सडपातळ टायर बसवले. या वेळी पेट्यांच्या वजनाइतकं ओझं मागं टाकलं, एक चाक फळीवर चढवलं, स्टिअरिंग कडेपर्यंत वळवलं. कुठं घासलं नाही. धाकट्याचा चेहरा थोडा उतरला, गाडीचा रुबाबही थोडा उतरला, पण वहिनींचा तळहात चारही चाकांवरून गुळगुळीत फिरला.

आणि मी? मी तीच बुटकी, तिथंच टांगलेली. आता तर चारचौघींत मापाचीही राहिले नव्हते. माझ्या तळमळीनं साखळी करकरायची, तर धाकटा म्हणायचा, "हिला जरा तेल पाजा."

जायचा दिवस उजाडला. या वेळी वहिनीही गाडीत बसल्या. पेट्या भरल्या, वर ओली पोती घातली. ओढा आला. तो गेल्या वर्षीचा खडक माझ्या नाकाखालून सरकत गेला आणि मागच्या गोळ्याला शिवलासुद्धा नाही. वरून मालकांचा सुस्कारा ऐकू आला. धाकटा ओरडला, "दादा, टायर कुणी सुचवले होते?"

"मिस्त्रीनं."

"उंच मी म्हणालो होतो!"

हसणं चाललं होतं तोवर पुढच्या वळणावर एक टोकदार दगड मागच्या चाकाच्या कुशीत घुसला. फुस्स! गाडी एका अंगाला बसली.

खरं सांगू? पहिल्या क्षणी माझा जीव आनंदानं नाचला. माझी पाळी! माझा नवस! मग वरून गुंजारव ऐकू आला. वाढत चाललेला. मालक उतरले, आणि त्यांचे पाय पेट्यांपाशी तसेच थांबले, जसे गेल्या वर्षी थांबले होते. तेव्हा मला कळलं, स्टेपनीनं धावायचा नवस करायचा म्हणजे दुसऱ्या चाकाचं मरण मागायचं. मी मनातल्या मनात शब्द बदलले. "देवा, मला धावव नाहीतर नको धाववूस. पण यांना पोचव."

साखळी सुटली. पहिल्यांदाच माझं अंग जमिनीला टेकलं.

चाकांना दगड लावले, जॅक काढला, तर तो अपुरा. "गाडी वाढली, जॅक तसाच बुटका राहिला," धाकटा म्हणाला आणि पेटीखाली ठेवायची जाड लाकडी बैठक जॅकखाली सरकवली. मालकांनी मला मागच्या चाकाच्या जागी ढकललं. नट हातात घेतला.

"दादा, थांब! हिला मागं नाही लावायचं."

"काय?"

"मिस्त्री म्हणाला होता ना! पुढचं चाक काढून मागं लावू. ही बुटकी पुढं."

"म्हणजे गाडी दोनदा उचलायची? ऊन चढतंय, दिसत नाही का? या आवाजाचं काय करू?"

"गोळा बसला, तर दिवसभर इथंच बसू. मागच्यासारखं."

वर माश्यांचा आवाज चढत होता. मग वहिनींनी पाण्याचा कॅन उचलला. "तुम्ही दोघं दोनदा उचला. पेट्यांचं मी बघते." आणि त्या एकेका पेटीच्या पोत्यावर पाणी शिंपडत फिरू लागल्या, प्रत्येक पेटीला देवाचं एक नाव देत.

फुटलेलं चाक मागं तात्पुरतं अडकवलं, आणि मागं न्यायचं म्हणून पुढचं चाक काढलं. मला पुढं बसवण्याआधी मालकांनी अंगठ्यानं दाबून बघितलं. "हवा आहे का हिच्यात, कोण जाणे." मी टणक होते. त्यांनी बायकोकडं बघितलं आणि नट आवळायला घेतले.

आणि मी धावले.

धावले कसली, लंगडले. माझ्या बाजूला गाडी झुकलेली, स्टिअरिंग माझ्याकडं ओढलं जात होतं आणि मालक त्याला धरून बसले होते. खडी अंगात रुतत होती, साच्यातले केस पटापट तुटत होते. या रस्त्यासाठी मी जन्मभर तळमळले होते, आणि आता मला रस्ता दिसतच नव्हता. मी फक्त वरचा आवाज ऐकत होते. चिरका होऊ नकोस. गप्प होऊ नकोस.

बाग आली. झाडं पांढरी झालेली. पेट्या सावलीत उतरल्या. मालक पहिल्या पेटीपाशी वाकले, कान लावला. "बोलतेय." दुसरी. "बोलतेय." धाकटा मागोमाग चालत होता, श्वास रोखून. शेवटच्या पेटीपाशी मालकांनी कान लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. वहिनी पुढं झाल्या. "अहो?"

ते वर बघत म्हणाले, "बोलतेय गं. चांगली तणतणतेय." आणि डोळे पुसता पुसता हसले.

घरी आल्यावर बरणी खाली आली. वहिनींनी बोट बुडवलं, पण जिभेला लावण्याआधी अंगणात येऊन पहिला थेंब माझ्या कडेला लावला. संध्याकाळपर्यंत मला मुंग्या लागल्या. कुणी माझ्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं.

आता गाडीच्या हौद्यात नव्या मापाची पाचवी उभी असते. मी अंगणाच्या कडेला आडवी पडले आहे. माझ्या पोकळीत पाणी आणि गोटे घातलेत. गोट्यांवर बसून मधमाश्या पाणी पितात. मागणार नाही म्हणाले होते, तो शब्द पाळते. पण गाडी सुरू झाली की माझ्यातलं पाणी अजून हलतं. जुनी तळमळ आहे, ती काय जाते?

वहिनी रोज सकाळी चार चाकांवर हात ठेवतात, मग हौद्यातल्या पाचवीवर, आणि सगळ्यात शेवटी माझ्यावर.

तुमच्याही गाडीत कुठंतरी, पोटाखाली नाहीतर सामानाखाली, माझ्यासारखी एक आहे. ती बोलणार नाही. तुम्हीही एवढा एक नेम धरा. निघण्याआधी चारही चाकांवरून हात फिरवा, ज्याचं घ्यायचं त्याचं नाव घ्या, आणि मग थोडं वाकून तिलाही शिवा. मऊ लागली तर हवा भरा. तिची वेळ कधीच न येवो, एवढं मागा. पण आलीच, तर ती टणक असू दे.