दोन श्वासांच्या मधे

सव्वा वर्ष झालं, सासरे आमच्यासोबत जेवले नव्हते. चाळीस वर्षं बारीक चिमट्यानं घड्याळं दुरुस्त केलेला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, चमच्यातलं अंगावर सांडायला लागलं आणि त्यांनी ताट खोलीत मागवायला सुरुवात केली. दार लावून जेवायचे. तोवर सासूबाई दाराबाहेर स्टुलावर उपाशी बसून राहायच्या. मी रोज चिडायचे आणि रोज ताट नेऊन द्यायचे.

नणंदेला नोकरी लागली म्हणून तिनं एका दुपारी आम्हाला नव्या जपानी हॉटेलात नेलं. खिशाला परवडेल असं, पण झोकदार. सासरे एका अटीवर आले.

"मी फक्त चहा घेईन."

तिथे ताटं नव्हतीच. मधे एकेक बशी यायची आणि सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. प्रत्येकापुढे एक वाटी आणि दोन काड्या. पण मी पडले शहाणी! आत शिरतानाच वाढणाऱ्या मुलीच्या कानात सांगून ठेवलं होतं, बाबांना चमचा द्या. तिनं तो आणला आणि सगळ्यांदेखत फक्त त्यांच्यापुढे ठेवला. सासऱ्यांचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात माझ्या नवऱ्याच्या काड्यांतून मशरूम निसटलं ते थेट शेजारच्या टेबलाखाली गेलं.

"दादा, मांजरसुद्धा तुझ्यापेक्षा नीट जेवतं," नणंद म्हणाली आणि स्वतःचा घास सॉसमध्ये बुडवून बसली. सासूबाईंनी तर दोन हातांत दोन काड्या धरल्या होत्या, स्वेटर विणायला बसल्यासारख्या.

सासऱ्यांना राहवलं नाही. "अरे, चिमटा असा धरतात का?"

त्यांनी चमचा बाजूला सारला आणि काड्या उचलल्या. हात थरथरतच होता. काड्यांची टोकं एकमेकींवर टकटक वाजत होती. मधल्या बशीत टोफूची एकच वडी उरली होती, धक्का लागला तरी फुटेल इतकी मऊ. आम्हा चौघांना ती उचलता आली नव्हती. त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं. श्वास सोडला. पुढचा घेतलाच नाही.

टकटक थांबली.

वडी अख्खी वर उचलली गेली, बशांवरून, ग्लासांवरून गेली आणि सासूबाईंच्या वाटीत अलगद उतरली. मग त्यांनी श्वास घेतला आणि हात पुन्हा थरथरायला लागला. हा माणूस माझ्याच घरात राहतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

"हे कसं केलंत?" मी विचारलं.

"दोन श्वासांच्या मधे हात गप्प बसतो. जरासाच. घड्याळातली स्प्रिंग तेवढ्यातच बसवायची असते."

"मग घरी का नाही हो केलंत?" सासूबाईंनी वाटी जवळ ओढत विचारलं.

"चमच्यानं कुणी घड्याळ दुरुस्त करतं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीनं मी त्यांचं ताट घेऊन खोलीशी गेले. दार उघडं, खोली रिकामी. दाराबाहेर स्टूलही नव्हतं. मागे जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सूनबाई, ताट इकडे आण," बाबा म्हणाले. त्यांच्या हातात हॉटेलातल्या काड्या होत्या. "आणि सांडलं तर ओरडायचं नाही."

बरंच सांडलं. मी चांगली ओरडले आणि सव्वा वर्षानं बाबा त्या टेबलाशी खदखदून हसले.